बाहेर ठेवलेलं पाणी

माझं काम पाणी तपासायचं. बनारसच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी इतकी वर्षं आहे की नवीन लोक साहेबांपेक्षा मला जास्त घाबरतात. घाबरावंच. बिनझाकणाची बाटली दिसली की माझं डोकं फिरतं, आणि फिरलं की मी मराठीत सुरू होते. इथे कुणाला शब्द कळत नाहीत, पण सूर बरोबर कळतो. नमुना किती वाजता घेतला, हात धुतले होते का, बर्फ किती होता, वाटेत वितळला का, मी सगळं खोदून खोदून विचारते. पुढे जे सांगणार आहे ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. ते माझ्या हातून झालं.

आम्ही काशीतले मराठी. घर मुन्शी घाटाच्या मागच्या गल्लीत. वडील भिक्षुकी करायचे, आता दादा करतो. तो अहिल्याबाई घाटावर बसतो, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी सांगतो. घरात मराठी चालते, पण कसली मराठी! ‘दरवाजा ओढून घे, नाहीतर बंदर आत घुसेल आणि सगळा सत्यानास करेल’, अशी. मी लग्न केलं नाही, त्याची चौकशी नको. दादा-वहिनींबरोबर राहते.

फील्डवरून परतायला उशीर झाला की प्रयोगशाळेला कुलूप लागलेलं असतं. अशा वेळी मी नमुन्याच्या बाटल्या घरी आणून आमच्या फ्रिजमध्ये ठेवते. खालच्या कप्प्यात एक झाकणाचा डबा त्यासाठीच आहे. वहिनीनं सुरुवातीला थयथयाट केला होता. केव्हातरी तिनं कोथिंबीर काढायला हात घातला आणि हाताला बाटली लागली. ‘हे काय गं?’ म्हणाली. अस्सी नाल्याचं पाणी होतं. म्हणजे अर्ध्या शहराची घाण. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग सवय झाली. वरुणेचं पाणी ठेवलंय, गटारांचं ठेवलंय, एकदा एका कारखान्याच्या मागचं निळं पाणी ठेवलंय. हे मुद्दाम सांगतेय. विसरू नका.

एका नदीचं नाव मात्र आमच्या घरात कुणी घेत नसे. कर्मनाशा. डोंगरातून येते, चंदौलीतून खाली जाते. तिच्या पाण्याला नुसता हात लागला तरी माणसाचं साठवलेलं सगळं पुण्य जातं, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. लहानपणी वडिलांबरोबर गयेला जाताना गाडी तिच्या पुलावर आली की वडील दोन्ही पाय उचलून बाकावर घ्यायचे. आम्हीही घ्यायचो, हसत हसत. पुढे मी बी. एस्सी. झाले, मला शिंगं फुटली. म्हटलं, बाबा, पाणी म्हणजे दोन वायू, त्यात पुण्य कुठे विरघळतं? ते म्हणाले, ‘तुझं बरोबर असेल. पाय वर घे.’ हा किस्सा मी ऑफिसात कितीदा रंगवून सांगितला असेल! सगळे हसायचे. मीही हसायचे.

मग त्या नदीचं काम माझ्याकडे आलं.

चकिया गावाच्या पलीकडे, डोंगरात, खरवार आदिवासींची एक वस्ती आहे. वस्तीच्या वर एक झरा आहे. खडकाच्या कुशीतून पाणी झिरपतं आणि एका खड्ड्यात साठतं, त्याला ते लोक चुआँ म्हणतात. तिथून ते ओढ्याला मिळतं आणि ओढा कर्मनाशेला. त्यांच्या लेखी ती नदी माई. चुआँ म्हणजे माईचं घर. मधल्या काळात वरचं जंगल तोडलं गेलं, उतार बोडका झाला, चुआँ होळीच्या आतच आटायला लागला. बायका दीड-दोन मैल खाली सडकेवर पाण्याला जायच्या.

कुणी संस्थावाले आले आणि त्यांनी करून दिलं, असं इथे झालं नाही. गावानं एका झाडाखाली बसून आपलं आपण ठरवलं. उतारावर कुऱ्हाड बंद, बकऱ्या बंद. माजलेली घाणेरीची झुडपं मुळासकट उपटली. पावसाचं पाणी जिथून धावतं त्या प्रत्येक घळीत हातानं दगड रचले, चुना नाही, सिमेंट नाही. राखणीला पगारी माणूस नाही, एक लाठी आहे. आज ती ज्या घराच्या दाराला टेकवलेली, त्या घरानं आज डोंगर राखायचा. संध्याकाळी ती शेजारच्या दाराला. आणि चुआँची जबाबदारी बैगाकडे. बैगा म्हणजे त्यांचा पुजारी म्हणा, गावाचा वडीलधारा म्हणा. उजाडताना सर्वांत आधी त्यानं जायचं, पाण्यावरचा पालापाचोळा काढायचा, माईला विचारायचं, मग बायकांनी घडे बुडवायचे. चार पावसाळे असं चाललं आणि चुआँ भर जेठातल्या रखरखीत उन्हाळ्यात वाहायला लागला. भर जेठात! आमच्या खात्यानं कागदावर वाहवलेले कितीतरी झरे मी पाहिलेत. हा खरा वाहत होता.

आता गावाचा दावा होता की हा डोंगर आणि हा झरा राखायचा हक्क आम्हाला कायद्यानं लिहून द्या. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं नळयोजना आली. चुआँचं तोंड मशीननं फोडायचं, सिमेंटची टाकी बांधायची, पंप बसवायचा, कुलूप घालायचं, किल्ली ठेकेदाराकडे. निर्णय बनारसमध्ये बसणाऱ्या एका समितीकडे होता. समितीनं म्हटलं, आधी पाणी तपासा. पिण्यालायक निघालं तर गाव राखतंय ते ठीक, त्यांच्याकडेच राहू दे. नाही निघालं तर योजना. म्हणजे सगळं येऊन थांबलं दोन बाटल्यांवर, आणि त्या आणायला पाठवलं मला.

पितृपक्ष होता. दुसऱ्या दिवशी वडिलांचं श्राद्ध. मी म्हटलं, सकाळी निघते, संध्याकाळपर्यंत परत.

बैगा सडकेपर्यंत घ्यायला आला होता. साठीचा असेल, काटक, पांढरं धोतर, खांद्यावर गमछा. मला ‘बहिनजी’ म्हणाला आणि माझ्या हातातली बर्फाची पेटी स्वतःकडे घेतली. वाटभर दाखवत होता, हे दगड कुणी रचले, हे जांभळीचं झाड कुणाच्या सुनेनं लावलं. उताराच्या पायथ्याशी सगळ्यांनी चपला काढल्या, मीही काढल्या. मी नमुना कसा घेते ते बघायला अख्खं गाव उभं. मी हातमोजे घातले, बाटलीचं तोंड ज्योतीवर फिरवलं, बाटली भरली, झाकण लावलं. माझे हात अशा वेळी अगदी शांत असतात. बैगानं विचारलं, ‘अब इसको कैसे ले जाएँगी?’ म्हटलं, बर्फात. गरम झालं तर त्यात जंतू वाढतात, मग तुमचं पाणी चांगलं असूनही वाईट दिसेल. त्यानं मान हलवली आणि मागे वळून सगळ्यांना आपल्या बोलीत ते समजावून सांगितलं. माझं वाक्य, जसंच्या तसं.

परतताना जीप पंक्चर झाली. मग पुलावर जाम. बर्फाचं पाणी झालं. प्रयोगशाळेपाशी पोचले तर कुलूप. नेहमीचंच. पेटी घेऊन मी घरी आले. दिवे लागले होते. वहिनी श्राद्धाच्या तयारीत होती, वड्यांचं पीठ, खिरीचं दूध, दही, सगळं सोवळ्यात फ्रिजमध्ये लावून ती आंघोळीला गेली होती. दादा घाटावर. स्वयंपाकघरात मी एकटी. फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात माझा डबा रिकामा होता.

आणि माझा हात पुढे होईना.

मला कुणी अडवलं नव्हतं. हे मी हजारदा स्वतःला विचारून पाहिलंय, कुणीतरी काहीतरी बोललं असेल, वहिनीनं कधीतरी टोकलं असेल. नाही. कुणीच नाही. मीच उभी राहिले आणि माझ्या मनात आलं, उद्या बाबांचं श्राद्ध, त्यांच्या पानात पडायच्या दुधाशेजारी हे पाणी? बाबांच्या शेजारी ती? एवढंच. फ्रिज बंद केला. पेटी मागच्या सज्जात नेऊन ठेवली. थोडा बर्फ तरी आणावा की नाही बाहेरून? बर्फवाला गल्लीच्या तोंडाशी बसतो. पण मी थकले होते, आणि आता ती पेटी पुन्हा हातात घेतली तर पुन्हा आंघोळ करावी लागेल, असंही डोक्यात आलं. बघा, दोन मिनिटांपूर्वी मी तीच पेटी मांडीवर घेऊन ऑटोत बसले होते.

भादव्याची उमस, घामट उकाडा. रात्रभर बाटल्या सज्जात. सकाळी तिथे ऊन येतं, ते आलं. श्राद्ध उरकून, ब्राह्मण जेवून जाईपर्यंत दुपार झाली, तोवर मी पेटीला हात लावला नाही. मग कपडे बदलून ती घेऊन प्रयोगशाळेत गेले.

नमुन्याबरोबर एक फॉर्म भरायचा असतो. त्यात एक रकाना आहे, नमुना कसा ठेवला. मी लिहिलं, ‘बर्फ में’. सही केली. पेन अडखळलंसुद्धा नाही. दुसऱ्यांच्या फॉर्ममधली असली थाप मी लांबून ओळखते.

अहवाल आला. जंतू भरपूर. ‘पिण्यास अयोग्य.’

तेव्हा तरी बोलायचं होतं. एक ओळ पुरली असती, नमुना खराब झाला, पुन्हा घ्यावा. असं होतं, रोज कुठे ना कुठे होतं, कुणी फाशी देत नाही. पण साहेब विचारणार, कसा खराब झाला? तुमच्या घरी तर फ्रिज आहे ना? सगळ्या ऑफिसला माझ्या फ्रिजमधल्या नाल्याची गोष्ट पाठ होती. मग मला सांगावं लागलं असतं. पाय वर घेणाऱ्या बापाची थट्टा करणारी मी, आणि माझेच पाय वर. मी मूग गिळून बसले. समितीच्या बैठकीत मला बोलावलं होतं. कागद वाचून झाल्यावर अध्यक्षांनी विचारलं, ‘काही सांगायचंय?’ मी म्हटलं, ‘रिपोर्ट समोर आहे.’ योजना मंजूर झाली. पुढचा उन्हाळा अर्धा झाला की काम सुरू होणार होतं.

दोनदा मी अर्ज लिहिला आणि फाडला. तिसऱ्यांदा लिहायचं सोडून दिलं. लाज वाटत होती म्हणावं तर रोज पोटभर जेवत होते, मालिका बघत होते, वहिनीशी भांडत होते.

सात महिन्यांनी, चैत्रात, बैगा माझ्या ऑफिसच्या दारात उभा. हातात एक गाठोडं, त्यात वाळवलेली मोहाची फुलं, माझ्यासाठी. मी खुर्ची दिली. वाटलं, आता हा दावा घेऊन भांडायला आला असेल, मला बोल लावेल. मनातून सुटल्यासारखं वाटलं, खरं सांगते. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच्यासमोर रडले असते आणि सगळं ओकून टाकलं असतं.

तो म्हणाला, ‘बहिनजी, आपके भाई घाट पर बैठते हैं ना? एक परासचित कराना है.’

कुणाचं प्रायश्चित्त? तर त्याचं. कागद गावात पोचला होता, शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवला होता. बैगानं त्याच दिवशी चुआँवर काट्याचं कुंपण घातलं. सात महिने कुणी त्यातलं थेंबभर पाणी घेतलं नव्हतं. बायका पुन्हा खाली सडकेवर जात होत्या. गावानं त्याला बोल लावला नाही, त्यानंच लावून घेतला. चुआँची राखण माझी, म्हणाला, मग पाणी बिगडलं ते माझ्याच हातून. काहीतरी चुकलं असेल, कधी पाय विटाळलेला असेल, कधी मनात वाईट आलं असेल. माईनं तोंड फिरवलं. त्या दिवसापासून त्यानं उतारावर पाऊल टाकलं नव्हतं. आता मशीन येऊन तोंड फोडायच्या आधी माईची माफी मागायची, म्हणून तो गंगेत बुडी मारायला काशीला आला होता. आणि विश्वासाचं माणूस कोण, तर मी.

मी म्हणाले, चला. तेव्हाही खरं न सांगता हेच म्हणाले. कप्पाळ माझं!

सकाळची वेळ होती. अहिल्याबाई घाटावर गर्दी होती, स्नानाची, फोटो काढणाऱ्यांची. दादानं त्याला बघितलं, नाव-गाव विचारलं, म्हणाला, बसा, होऊन जाईल. दादा तसा दिलदार आहे. न्हाव्याला हाक मारली. मी दोन पायऱ्या वर बसले. न्हाव्यानं पाणी लावून डोकं भिजवलं, वस्तरा फिरायला लागला. पांढरे केस पायरीवर पडत होते. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, होऊ दे. बुडी मारेल, समाधान होईल, घरी जाईल. त्याला बरं वाटेल. असा विचार केला मी. म्हणजे माझ्या पापाची बुडी त्यानं मारायची आणि त्याला बरं वाटलं म्हणून मी सुटायचं. अशी बाई मी.

डोकं पूर्ण झालं. दादानं त्याच्या हातावर पाणी दिलं, कुशाची काडी दिली, संकल्प सांगायला लागला. मध्येच थांबून हिंदीत म्हणाला, आता ज्यासाठी करताय ते आपल्या तोंडानं बोला.

बैगा डोळे मिटून म्हणाला, ‘माई का पानी हमसे खराब हो गया.’

‘दादा, थांब!’

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचे यजमानही वळून बघायला लागले. दादाचा हात हवेत. ‘काय झालं गं? अशी काय ओरडतेस?’

मी पायऱ्या उतरले आणि त्याला सगळं सांगितलं. मराठीत. भडाभडा. श्राद्धाचं दूध, सज्जा, ऊन, फॉर्म, समिती. बैगा आमच्या तोंडाकडे बघत होता, ओंजळीतलं पाणी सांडू न देता. मराठीत सांगितलं कारण त्याला कळणार नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मला वाटलं दादा म्हणेल, बरं केलंस, बाबांचं श्राद्ध होतं. म्हणजे निदान एकजण तरी माझ्या बाजूला. दादा म्हणाला, ‘अगं, मग ठेवायची होतीस की फ्रिजमध्ये! मी काय बघायला आलो असतो? नाल्याचं पाणी ठेवतेस ते चालतं तुला.’ आणि कुशाची काडी खाली ठेवत म्हणाला, ‘हे मला कशाला सांगतेस? त्याला सांग.’

सांगितलं. हिंदीत. हिंदीत ते फार थोडक्यात होतं. ‘पानी आपसे खराब नहीं हुआ. मुझसे हुआ. मैंने रात भर बाहर रख दिया.’

त्यानं ओंजळीतलं पाणी हळूच पायरीवर सोडलं. रागावला नाही. माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘तब चुआँ ठीक है?’

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सात महिने मी माझ्या खोटेपणाचं काय होईल याची काळजी करत होते. पाणी खरं कसं आहे, हे मलाही माहीत नव्हतं. तपासलेलं पाणी त्यांचं नव्हतंच. माझ्या सज्जातलं होतं.

‘पता नहीं,’ मी म्हटलं.

त्यानं नव्या टकलावरून हात फिरवला. ‘घर में पूछेंगे, कौन मर गया,’ म्हणाला. त्यांच्यातही घरात कुणी गेल्याशिवाय मुंडण करत नाहीत. न्हावी हसला, मग आमच्याकडे बघून वस्तरा पुसायला लागला.

‘लिख के दीजिए,’ बैगा म्हणाला.

दादाच्या वहीतलं पान घेतलं, पायरीवरच बसून लिहायला लागले. समितीच्या अध्यक्षांना. हात चालायला लागला तसा ऑफिसातला माणूस अंगात आला. ‘निवेदन है कि अपरिहार्य कारणों से नमूने का रखरखाव उचित रीति से नहीं हो सका.’ लिहून वाचून दाखवलं. दादा म्हणाला, छान. बैगानं विचारलं, ‘ई अपरिहार्य क्या है?’

‘मतलब, जो टल नहीं सकता था.’

‘टल नहीं सकता था?’

मी ते खोडलं. नवीन पान घेतलं. लिहिलं की हे पाणी कर्मनाशेचं होतं म्हणून मी ते घरात घेतलं नाही. घरात फ्रिज होता, त्यात जागा होती. मी ते रात्रभर आणि दुसऱ्या दुपारपर्यंत बाहेर ठेवलं. फॉर्ममध्ये बर्फ लिहिलं ते खोटं. मला कुणी सांगितलं नव्हतं. गावानं पाणी बिघडवलेलं नाही. खाली सही, हुद्दा. त्यानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज फुटला, तरी त्यानं थांबवलं नाही, शेवटपर्यंत वाचायला लावलं. मग कागद घडी करून कमरेला खोचला. मी देते म्हटलं समितीत. म्हणाला, नाही, आम्ही देतो.

पुढचं सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील. तो कागद घेऊन गावाची माणसं समितीपुढे बसली. पुन्हा तपासणीचा हुकूम निघाला. आमच्याच प्रयोगशाळेतली दुसरी बाई गेली, बर्फ संपला तर म्हणून दोन पेट्या घेऊन. पाणी पिण्यालायक निघालं. चुआँ आणि डोंगर गावाकडे राहिला, त्यांच्याच नियमांनी. काट्याचं कुंपण निघालं. माझ्यावर चौकशी बसली, बढती गेली, आणि ऑफिसात आता मला कुणी घाबरत नाही. ते ठीकच झालं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी काहीच माहीत नव्हतं. बैगा गंगेत उतरलाच नाही. गमछा डोक्याला गुंडाळला आणि निघाला. मी त्याच्या मागे चार पायऱ्या चढले. म्हटलं, पुन्हा नमुना घ्यायचा हुकूम निघाला तर मी स्वतः येईन, या वेळी सगळं नीट करीन, तुम्ही बघालच.

तो थांबला. ‘नहीं बहिनजी. आप मत आइएगा.’

मला वाटलं, आता राग आला. पण तो अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं सांगत होता. त्यांच्याकडे नियम आहे, ज्याच्या हातून पाणी बिघडलं त्यानं एक वर्ष उतारावर पाऊल टाकायचं नाही. मग तो कुणी का असेना. बकऱ्या सोडणाऱ्यालाही तेच, बैगालाही तेच. ‘हम सात महीना नहीं गए. हमारा तो बिना कसूर के कट गया,’ म्हणाला. ‘आपका आज से.’

मी हो म्हटलं. उन्हात उभी होते. एवढ्या मोठ्या पापाला एवढी छोटी शिक्षा, आणि तीही मला माणसांत धरून दिलेली, त्यांच्यातलीच एक असल्यासारखी. मी डोळे पुसले.

‘बरस पूरा हो जाए तो आइए,’ तो म्हणाला. ‘हम खुद ऊपर ले चलेंगे. चुआँ का पानी पिलाएँगे.’ आणि मग माझ्याकडे बघून, साधंच, विचारल्यासारखं, ‘पिएँगी?’

काय अवघड होतं? एक शब्द. आत्ताच तर मी सगळ्या घाटासमोर रडले होते, कागदावर सही केली होती. तो शब्द माझ्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच अडला. तेच. त्या संध्याकाळी फ्रिजसमोर झालं होतं तेच. इतकं सगळं होऊनही ते माझ्यात होतं तिथेच होतं.

‘पिऊँगी,’ मी म्हटलं.

पण मध्ये जेवढा वेळ गेला तेवढा गेलाच, आणि तो समोरच उभा होता. त्यानं मान हलवली, ‘ठीक है’ म्हणाला, आणि गाडी पकडायला निघून गेला.